सेलूला मऊ केलेलं वाक्य

वर्ध्याहून आल्यावर ज्याने त्याने मला एकच विचारलं, सेवाग्रामला गेला होतात ना? नाही गेलो. पहिल्या दिवशी वेळ नव्हता, आणि दुसऱ्या दिवसापासून तिथे जायचं तोंड राहिलं नव्हतं. त्याऐवजी जे पाहिलं ते लिहितो. मी फारसा बोलणारा माणूस नाही. माझं कामच दुसऱ्याचं बोलणं बोलायचं. मी दुभाषी आहे, मराठीचं हिंदी आणि हिंदीचं मराठी करतो. त्यामुळे स्वतःचं असं काही बोलायची सवय कधी लागलीच नाही. पन्नाशी उलटल्यावर ती लागेल असंही वाटलं नव्हतं.

झालं असं की परदेशी कापसावरचं आयात शुल्क केंद्र सरकारने उठवलं, तेही ऐन वेचणीच्या तोंडावर. त्यावरून वर्ध्याकडच्या एका आमदार बाईंनी विधानसभेत आणि बाहेर रान उठवलं. गिरण्यांत बाहेरचा स्वस्त कापूस गेला की आमचा कोण घेणार, हा महाराष्ट्रावर अन्याय आहे, दिल्लीने इथे येऊन आमच्या तोंडून ऐकावं, असा त्यांचा हेका. शेवटी दिल्ली आली. म्हणजे एक पथक आलं. एक सुनावणी सेलूला आणि एक वर्ध्याला ठरली. अशा पथकाबरोबर दुभाषी लागतो, असा नियम आहे. लोकांचं म्हणणं अहवालात जातं ते दुभाष्याने केलेल्या हिंदीतूनच. एवढं ध्यानात असू द्या, पुढचं सगळं त्यावरच आहे.

सेलू

वर्ध्याहून सेलूकडे निघालो तेव्हा ऊन नुकतं वर येत होतं. मी पुण्याच्या आसपासची शेतं पाहिलेला माणूस. ऊस, बाजरी, फार तर द्राक्षं. कापूस मी दुकानातल्या निळ्या कागदात गुंडाळलेला पाहिलेला. इथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळीभोर माती आणि तिच्यावर पांढरी बोंडं, नजर पोचेल तिथपर्यंत. छापलेल्या पानाच्या नेमकं उलट. पान काळं, अक्षरं पांढरी. मधूनच तुरीचे पिवळे पट्टे.

पथकाचे प्रमुख सक्सेनासाहेब माझ्या शेजारी बसले होते. गोड माणूस. थर्मासमध्ये वेलदोड्याचा चहा, स्वतः ओतून दुसऱ्याला आधी देणार. तो चहा माझ्या हातात असतानाच ते म्हणाले, "सोवनीजी, यहाँ लोग ज़रा तेज़ बोलते हैं. आप संभाल लीजिएगा. रिपोर्ट में गुस्सा अच्छा नहीं लगता." आणि पुढे, खिडकीबाहेर बघत, दिल्लीच्या मोठ्या समित्यांसाठी त्यांना कायमचा मराठी दुभाषी हवा आहे, तेही सांगितलं.

मी म्हणालो, "जी, समझ गया."

एवढंच. चहा छान होता.

सेलूच्या अलीकडे एका वावरापाशी गाड्या थांबवल्या गेल्या. आमदार मंडपात नव्हत्या, वावरात होत्या. शकुंतलाबाई त्यांचं नाव, पण त्या भागात शकुताई म्हटलं की पुरे. साठीच्या आतबाहेरच्या, बुटक्या, हिरव्या लुगड्याचा पदर कमरेला खोचलेला, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. त्या वावरात त्या दिवशी पहिली वेचणी सुरू होणार होती. त्याआधी इथे सीतादही करतात. वेचायला आलेल्या बायका पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडाची, हळदीकुंकू लावून पूजा करतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि तोच दहीभात ओळींवरून शिंपडत जातात. कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. पाच बायका काळ्या मातीतून अनवाणी चालत होत्या आणि त्यांच्या हातून भाताची शितं बोंडांवर पडत होती, पांढऱ्यावर पांढरं. आमच्याकडे पूजा म्हटली की आधी लाउडस्पीकर येतो. इथे वाऱ्याने पानं हलायचा आवाज ऐकू येत होता. मी बराच वेळ टोपी हातात धरून उभा होतो.

शकुताईंनी सक्सेनासाहेबांच्या ओंजळीत दहीभात घातला, मग माझ्या.

"तुमी कुठले जी?"

"पुण्याचा. दुभाषी आहे."

"पुण्याचे?" त्या मागे वळून बायकांना म्हणाल्या, "ऐका वं, आता याईचं बोलणं समजाले आपल्याले अजून एक दुभाष्या लागते!"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसलो. हसताना माझ्या हातात त्यांचा दहीभात होता, हे आता लिहिताना बोचतं.

सुनावणी बाजाराच्या आवारात, मंडपात. गर्दी इतकी की कडेला उभ्या ट्रॅक्टरांवर माणसं बसली होती. व्यवस्था गुलाबभाऊंनी पाहिली होती. गुलाबभाऊ सेलूतले कापसाचे व्यापारी, पिढ्यानपिढ्यांची पेढी, अंगाने आडवे, पाय तर असे की चपला मुद्दाम करून घ्याव्या लागत असतील. घरात हिंदी, गादीवर वऱ्हाडी. पहिल्याच भेटीत मला म्हणाले, "मी ताईले मत देत नाई, बरं. माही पार्टी वेगळी. पण कापसाचं ते खरं बोलून राह्यली, मंग मंडप काऊन नाई देऊ?"

शकुताई उठल्या. माईक बाजूला केला, त्यांना त्याची गरज नव्हती.

"साहेब, मले हिंदी येते. दिल्लीले गेलती तवा हिंदीतच बोलली. तं तिथले साहेब म्हणे, ताई, आप कितनी अच्छी हिंदी बोलती हैं. तेवढंच आयकलं त्यायनं. म्हणून आज मी माह्या बोलीत बोलते. आता मेहनत तुमी करा."

मंडप खदाखदा हसला. सक्सेनासाहेबही हसले. मग त्या हसू थांबेपर्यंत थांबल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या,

"आमचं बोंड फुटलं का तुमी बाहेरच्या कापसाले दार उघडता. आमचा माल कवडीमोल जाऊन संपला का दार लावता. गिरण्या तिकडे, सूत तिकडे, कापड तिकडे, अन् आमच्याकडे उरते का? पऱ्हाटीच्या काड्या. याले आमी बेइमानी म्हणतो. आमी भीक मांगाले नाई आलो. एकच म्हणतो. दार उघडायच्या आंधी, ज्या राज्यात कापूस पिकते त्या राज्याले विचारा. नुसतं सांगू नका. विचारा."

शेवटच्या शब्दाला ट्रॅक्टरावरच्या माणसांच्याही माना वर झाल्या. असं बोलणं मी वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे. पुढारी बोलतात, मी भाषांतर करतो. पण इथे एक बाई देशाच्या सरकारला उभं करून विचारत होती, आणि तिच्या आवाजात कुठे आव नव्हता. शेजारणीला तिच्या बकरीबद्दल बोलावं तितकं ते सरळ होतं.

मग माझी पाळी. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "राज्य की यह भावना है कि आयात नीति के समय को लेकर कुछ असुविधा हुई है. अपेक्षा है कि भविष्य में ऐसे निर्णयों की सूचना राज्य को समय पर दी जाए."

बेईमानीची असुविधा झाली. विचारण्याची सूचना झाली. काड्या कुठे गेल्या ते मलाही सांगता यायचं नाही.

साताऱ्या-सांगलीकडे हे खपतं. तिथे मंडपातल्या म्हाताऱ्यांना माझं हिंदी म्हणजे एक मंत्र, चालू आहे तर चालू द्या. मी विसरलो ते हे की हा मुलूख एकेकाळी मध्य प्रांतात होता. नागपूरचा बाजार, रेल्वे, सिनेमा, सगळं हिंदीतून वाढलेलं. इथला माणूस दोन्ही भाषा एकाच खिशात ठेवून बसतो. मी बोलून थांबलो. मग मागून आवाज आला,

"ओ भाऊ! बेइमानी कुठं गेली? खाऊन टाकली काय?"

"अबे सूचना नाई, ताई पूछने को बोल रही है! पूछने को!"

"पुण्यात असंच शिकवते काय जी?"

हसण्याचा लोंढा आला. माझे कान तापले. सक्सेनासाहेबांनी हात वर केला आणि अगदी गोडीने म्हणाले, "भाइयो, रिकॉर्ड में वही जाएगा जो दुभाषिये कहेंगे. नियम है." झालं. टेबलावरचं रेकॉर्डिंगचं यंत्र चालू होतं, माझी असुविधा त्यात जाऊन बसली.

शकुताईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं, आजारी माणसाकडे बघावं तसं. सुनावणी उठल्यावर त्याच मला हाताला धरून गुलाबभाऊंकडे जेवायला घेऊन गेल्या. गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे पानगे, वांग्याचा लालभडक रस्सा, वर तेलाची तर्री. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. आमच्याकडे वांग्यात गूळ पडतो.

"तिखट झेपत नाई वाटते तुमाले," शकुताई म्हणाल्या. "म्हणून माहं बोलणं बी फिकं करून राह्यले." आणि माझ्या ताटात दही वाढलं. "भेऊ नका, भाऊ. पयल्यांदा सगळेच भेतात. मी बी भेत होती. वर्ध्याले चांगलं बोलजा."

त्यांना वाटलं मी घाबरलो. मी तसंच वाटू दिलं. दही खाल्लं.

गिरड

दुसऱ्या दिवशी सुनावणी नव्हती. सक्सेनासाहेबांना गिरडच्या दर्ग्याला जायचं होतं, कोणीतरी दिल्लीतच सांगितलं होतं. शकुताई आणि गुलाबभाऊ आपणहून आले. "पाहुण्याले एकटं टेकडी चढू देत नाई," एवढंच कारण.

समुद्रपूर तालुक्यात शिरलं की जमीन उठायला लागते. सपाट काळं रान संपून झुडपांच्या टेकड्या येतात. त्यातल्या एकीवर शेख फरीदबाबांचा दर्गा. खाली नारळ, रेवड्या, चादरी, हिरव्या बांगड्या; डोक्यावर टोपी घातलेले आणि कपाळाला अबीर लावलेले एकाच पायऱ्यांनी वर चाललेले. माझ्यापुढे एक नवरा-बायको जावळाचं मूल घेऊन चढत होते, नवस फेडायला. ते हिंदू की मुसलमान हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि तिथे कोणाला ते कळून घ्यायचं होतं असंही दिसलं नाही.

वर वारा होता. लोबानाचा धूर उठायचा आणि वारा तो दरीकडे घेऊन जायचा. खाली कितीतरी कोसांचा मुलूख पसरलेला. तळ्याचं पाणी, गावांचे पत्रे, मधूनमधून पांढरे ठिपके, तो कापूस. काल त्यातून चालत होतो तेव्हा प्रत्येक बोंड मोठं वाटलं होतं. वरून बघताना कळलं की आपण ज्याला असुविधा म्हणालो ती केवढी आहे. मला खाली बसावंसं वाटलं. बसलो.

बसल्या जागी हाताला दगड लागले. गोल, तपकिरी, जायफळाएवढे आणि अगदी जायफळासारखेच दिसणारे. सगळ्या टेकडीवर पसरलेले. मी एक उचलून वास घेतला, तेव्हा शकुताई हसल्या.

"सगळेच हुंगतात. ते जायफळच होते म्हणतात."

मग त्यांनी सांगितलं. बैलांवर माल लादून व्यापारी इथून चालले होते. बाबांनी विचारलं, गोण्यांत काय आहे? व्यापाऱ्यांनी थट्टा केली. फकिराला काय खरं सांगायचं! म्हणाले, दगड आहेत, दगड. बाबा म्हणाले, असतील. पुढच्या मुक्कामाला गोण्या सोडल्या तर सगळे दगड. कोणी ही गोष्ट थोडी वेगळीही सांगतं, असं त्या म्हणाल्या, पण दगड तर सगळ्यांना दिसतातच.

"मग व्यापाऱ्यांचं काय झालं?" मी विचारलं.

"काय होते? परत आले, पाया पडले, चुकलो म्हणले. बाबानं माल पुन्हा भरून देल्ला. हे मातर तसेच राह्यले." त्यांनी दगडांकडे हात केला. "पाहाले. लोकायले."

तो जायफळाचा दगड माझ्या मुठीत गरम झाला होता. मी तो होता तिथे ठेवला.

उतरून आलो तर माझ्या चपला नव्हत्या. नव्या कोऱ्या, या दौऱ्यासाठीच घेतलेल्या. शोधाशोध झाली. गुलाबभाऊ म्हणाले, "कोणी चुकून घालून गेला असंल." चुकून! पुण्यात असं झालं असतं तर मी पाटी लावली असती. सक्सेनासाहेब नमाजाची वेळ संपायची वाट बघत अजून वरच होते. गुलाबभाऊ पुन्हा शोधायला गेले. मी अनवाणी, शेवटच्या पायरीवर शकुताईंच्या शेजारी. फरशी तापलेली. आणि तिथे, माहीत नाही का, माझ्या तोंडून निघालं.

"ताई, काल मी घाबरलो नव्हतो."

"मंग?"

"ठरवून केलं. साहेबांनी गाडीत सांगितलं होतं की तीव्र येऊ देऊ नका. मी हो म्हणालो. दिल्लीचं काम मिळेल असं वाटलं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी आयुष्यात खूप चेहऱ्यांचं भाषांतर केलं आहे, त्या चेहऱ्याचं करता आलं नाही.

"माह्या पंक्तीले बसून जेवले ना तुमी?"

"हो."

"अन् मी दही वाढलं."

"हो."

"मले वाटलं का माणूस भेते. भेणाऱ्याले मी जवळ करते, मी बी भेणारीच." त्यांनी बुटांची नाडी सोडून पुन्हा बांधली. मी माफी मागायला तोंड उघडलं तेव्हा त्यांनी हात वर केला. "नाई, नाई. मले काऊन सांगता? मी दिल्ली आहे काय? मले सांगून तुमचं मन मोकळं झालं असंल, पण माहं वाक्य तं त्या यंत्रात तसंच पडून हाये. ज्याले सांगा लागते त्याले सांगा."

त्यांचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर बरं झालं असतं.

गुलाबभाऊ हात हलवत आले, चपला गेल्याच होत्या. शकुताईंनी त्यांना काही सांगितलं नाही. गुलाबभाऊंनी माझ्या पायांकडे पाहिलं, स्वतःच्या चपला काढल्या आणि पुढे सरकवल्या.

"घाला. मले गाडीतच बसाचं हाये. अन् घरी दुसऱ्या हायेत."

होडीसारख्या त्या चपला घालून मी गाडीपर्यंत फटक फटक करत गेलो. मागे शकुताई आणि अनवाणी गुलाबभाऊ. कोणीच हसलं नाही. मला वाटतं त्या दिवशी मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

वर्धा

सकाळी वर्ध्यात नवी चप्पल घेता आली असती. दुकानं उघडलेली होती. चौकात तर्री-पोहे खाल्ले, गोरसपाकाची, म्हणजे तिथल्या तुपातल्या बिस्किटांची, पुडी घेतली, चपलांच्या दुकानावरून दोनदा गेलो. नाही घेतली. गुलाबभाऊंच्याच चपला पायात घालून कापूसबाजाराच्या आवारात गेलो.

सेलूची गर्दी ही गर्दी नव्हती, असं तिथे गेल्यावर कळलं. आत शिरायच्या रस्त्यापासून बंड्या म्हणजे बैलगाड्या, टेम्पो, ट्रॅक्टर ओळीने लागलेले, प्रत्येकावर कापसाचा डोंगर, आणि डोंगरावर माणसं. खाली जागा नाही म्हणून लोक आपापल्या कापसावर चढून बसले होते. पांढऱ्या ढिगांतून नुसती डोकी आणि गमछे. उन्हात तो कापूस इतका झगझगत होता की व्यासपीठावरून बघताना डोळे बारीक करावे लागत.

सक्सेनासाहेबांनी कामकाज सुरू करायचं म्हटलं. शकुताई उठायच्या आत मी उठलो. ठरवलेलं सगळं विसरलो. जे राहिलं ते हिंदीत बोललो: सेलूला आमदारबाई जे बोलल्या ते मी बदललं. त्या बेईमानी म्हणाल्या होत्या, मी असुविधा म्हणालो. त्या म्हणाल्या होत्या, राज्याला विचारा. मी म्हणालो, कळवा. हे चुकून झालं नाही, जाणूनबुजून केलं, आणि ते दुरुस्त व्हावं. मला तसं करायला कोणी सुचवलं होतं, तेही सांगितलं. एवढं बोलून मी साहेबांकडे पाहिलं.

त्यांचा गोड चेहरा पांढरा पडला होता. रागावले नाहीत. थर्मासचं झाकण घट्ट केलं, जे आधीच घट्ट होतं, आणि म्हणाले, "सोवनीजी, आपकी तबीयत ठीक नहीं लगती. आप नीचे बैठिए." मग लोकांकडे वळून, "यहाँ तो सब हिंदी जानते हैं. दुभाषिये की ज़रूरत ही क्या है? ताई, आप हिंदी में ही कह दीजिए."

मी उतरलो. पायऱ्या उतरताना उजवी चप्पल निघून पडली, ती हातात घेतली. कोणीतरी एका बंडीच्या जुवावर मला जागा करून दिली.

शकुताई माईकसमोर आल्या. हिंदीत बोलल्या असत्या तर मिनिटात संपलं असतं. उत्तम हिंदी. तेवढंच ऐकलं गेलं असतं.

"साहेब," त्या म्हणाल्या, "नियम तुमचाच हाये. सेलूले तुमीच सांगतला. दुभाष्या बोलंल तेच यंत्रात जाईल. तं मी माह्या बोलीत बोलते. एक दुभाष्या तुमी उठवला." आणि त्यांनी कापसाच्या ढिगांकडे हात केला. "हे एवढे बसून हायेत."

मग त्यांनी पहिलं वाक्य म्हटलं. "आमचं बोंड फुटलं का तुमी बाहेरच्या कापसाले दार उघडता."

डावीकडच्या ट्रॅक्टरावरून एक आवाज आला, थोडा लाजत, "हमारी बोंडी खुलते ही आप बाहर के कपास के लिए दरवाज़ा खोल देते हो." दुसऱ्या बंडीवरून तेच, जरा वेगळ्या शब्दांत. तिसऱ्यावरून एका बाईने. मग ते पसरत गेलं. ताई एक वाक्य म्हणायच्या आणि थांबायच्या, आणि सगळं आवार ते हिंदीत म्हणायचं. कोणाचं हिंदी नागपुरी, कोणाचं सिनेमातलं, कोणाचं बाजारातलं. क्रियापदं इकडची तिकडे. पण त्यातून एकसुद्धा शब्द गळला नाही. मी हे धंद्याचा माणूस म्हणून सांगतो. बेईमानी आली. काड्या आल्या. "हम भीक मांगने नहीं आए" हे तर कोणी ओरडून म्हटलंच नाही. शेकडो माणसं साध्या बोलण्याच्या आवाजात ते एकदम म्हणाली, आणि साध्या आवाजाचा तो भार माझ्या छातीवर आला. कापसाच्या ढिगांत आवाज घुमत नाही, मुरतो. प्रत्येक वाक्यानंतर इतकी शांतता व्हायची की एका बैलाच्या गळ्यातली घंटा तेवढी ऐकू यायची. व्यासपीठावरचे सगळे मान खाली घालून बसले होते, एक सक्सेनासाहेब सोडून. ते समोर पाहत होते. यंत्राचा लाल दिवा चालू होता, त्यांनी तो बंद केला नाही.

"ज्या राज्यात कापूस पिकते त्या राज्याले विचारा," ताई म्हणाल्या. "नुसतं सांगू नका. विचारा."

मी जुवावर उभा राहिलो होतो, कधी ते आठवत नाही. एक चप्पल पायात, एक हातात. "जिस राज्य में कपास उगता है, उससे पूछिए. सिर्फ़ बताइए मत. पूछिए." माझा आवाज मला वेगळा ऐकू आला नाही. आजवर सभेत फक्त माझाच आवाज असायचा आणि त्यात मी नसायचो. इथे उलट होतं.

निघताना सक्सेनासाहेबांनी मला गाडीपाशी बोलावलं. थर्मास उघडला, उरलेला चहा एका कपात ओतला आणि मला दिला. "आपने मुझे मुश्किल में डाल दिया," म्हणाले. मग, थर्मास बंद करत, "दोनों सुनवाइयाँ जाएँगी. जैसी हुईं." ते दिल्लीला गेले. मला त्या समित्यांसाठी बोलावणं आलं नाही, येणारही नाही.

गुलाबभाऊंना चपला परत करायला गेलो तर त्यांनी हात मागे घेतले. "गिरडले नेऊन सोडजा पायरीपाशी. कोणाले तरी लागतीन."

"म्हणजे पुन्हा यावं लागेल."

"या ना. कोण नाई म्हणते?"

शकुताई त्यांच्या मागेच उभ्या होत्या. त्यांनी मला माफ केलं की नाही ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, "पुढच्या खेपेले दही नाई मिळणार. रस्सा तसाच खा लागंल."

घरी आलो, दाराशी चपला काढल्या. बायकोने त्या उचलून पाहिल्या. तिच्या दोन्ही हातांत मावत नव्हत्या.

"या कोणाच्या? आणि काय झालं तिकडे?"

मी दौऱ्यावरून आलो की माझं उत्तर ठरलेलं असतं. काही नाही, बरं झालं. इतक्या वर्षांत तिने पुढे विचारणं सोडून दिलं होतं. त्या दिवशी मी बूड टेकलं आणि गाडीतल्या चहापासून सगळं सांगितलं, एकही शब्द न बदलता. मध्ये तिने गोरसपाकाची पुडी सोडली, पण खाल्लं नाही. शेवटी पुडी बाजूला सारून तिने विचारलं,

"मग विचारलं का दिल्लीने त्यांना?"

"नाही," मी म्हणालो.

पुढे 'अजून' लावावंसं वाटलं होतं. लावलं नाही.